पाचव्या तारेचे मोल

तंबोरा जुळविताना गवई कोणत्या तारेशी सर्वांत अधिक वेळ झगडतो, हे आपण पाहिलेच असेल. पंचम मिळतो, जोडीच्या तारा मिळतात. पण जाड पितळी खर्ज काही केल्या स्थिर होत नाही. दोरा सरकवावा, मणी खालीवर करावा, पुन्हा कान लावावा. मिरजेचे तंबोरे सर्वदूर नावाजलेले. तरी घेणारा जाणकार असला तर तो प्रथम खर्जच छेडून पाहतो. वाद्यातील खोट वरच्या तारांत लपते, खालच्या तारेत लपत नाही.

आज ज्या वाद्याविषयी बोलावयाचे आहे ते तंबोऱ्याहून फार निराळे, विजेवर चालणारे आणि परदेशी आहे. पण त्याचा सारा इतिहास याच खालच्या तारेभोवती फिरतो. हे वाद्य म्हणजे पाच तारांची बास गिटार. एके काळी श्रीमंत वादकालाच परवडणारी ही वस्तू आता मध्यमवर्गीय घरातील मुलाच्या हाती येऊ लागली आहे. ती घ्यावी की न घ्यावी, असा प्रश्न पुष्कळ पालकांपुढे येतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील नृत्यवृंदांत खर्ज सांभाळण्याचे काम डबल बास करीत असे. माणसाहून उंच असे हे लाकडी धूड मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव न्यावे लागे, आणि इतके करून ट्रंपेट-सॅक्सोफोनांच्या गदारोळात त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नसे. सिएटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास यावर एक तोड काढली. गिटारीसारखी आडवी धरावयाची, पडदे असलेली, विजेची बास त्यांनी तयार केली. परंतु ती फारशी पसरली नाही. पुढे १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. गंमत अशी की, फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. 'प्रिसिजन' म्हणजे अचूकपणा. दांडीवर पडदे असल्यामुळे बोट जेथे पडेल तेथे स्वर नेमका लागणार, हे त्या नावातून सुचवावयाचे होते. किंमत सुमारे दोनशे डॉलर होती.

या वाद्याला तारा चारच. आपल्या पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर खालून वर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. सर्वांत खालच्या तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाची कंपने सुमारे ६९ असतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा स्वर किती खोल आहे याची कल्पना येईल.

एवढे खोल गेल्यावर आणखी खाली जाण्याची हाव कशाला, असे कोणी विचारील. पण ही हाव जुनीच आहे. युरोपातील वाद्यवृंदात चेलोची शेवटची तार पांढरी एकची. डबल बासने चेलोच्या पावलावर पाऊल ठेवून एक सप्तक खालून चालावे, अशी संगीतकारांची अपेक्षा असे. आणि चार तारांचा बास पांढरी तीनपाशी येऊन अडत असे. मग वादकाने एकदम वरच्या सप्तकात उडी मारावयाची! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत पाच तारांचे डबल बास आले ते ही अडचण दूर करण्यासाठी. इतरत्र खालच्या तारेला यांत्रिक जोड देऊन ती लांबविण्याची रीत पडली.

हा धडा समोर असूनही फेंडर कंपनीने १९६५ साली पाच तारांची पहिली बास गिटार काढली तेव्हा पाचवी तार खाली न लावता वर लावली! वादकाला दांडीवर वर-खाली धावावे लागू नये, असा त्यामागे हिशेब होता. म्हणून पडदेही अवघे पंधरा ठेवले होते. हिशेब कागदावर बरोबर होता. वादकांना मात्र उंच स्वर नको होते. या गिटारी फारशा खपल्या नाहीत आणि १९७० पर्यंत कंपनीने हा नाद सोडून दिला. कारखानदाराला जे सोयीचे वाटले ते वाजविणाराला हवे होते काय, हे आधी कोणी विचारले नसावे, असेच म्हणावे लागते.

खालची तार आणली ती वादकांनीच. न्यूयॉर्कचे अँथनी जॅक्सन यांचे म्हणणे असे की, बास गिटार ही प्रथम गिटार आहे. मग तिला सहा तारा का नकोत? १९७५ साली कार्ल थॉम्पसन या कारागिराने त्यांना तशी सहा तारांची बास करून दिली. तिच्यात खालची पांढरी सात होती. पुढच्याच वर्षी जिमी जॉन्सन यांनी अलेम्बिकच्या पाच तारांच्या बासवर हीच खालची तार चढविली. याच सुमारास स्वरयंत्रे, म्हणजे सिंथेसायझर, संगीतात शिरत होती. १९७० पासून मिळू लागलेल्या मिनीमूगसारख्या यंत्रावर एक पट्टी दाबली की पाताळातला स्वर निघे. ध्वनिमुद्रिकांत असे स्वर ऐकू येऊ लागल्यावर चार तारांच्या वादकाची पंचाईत झाली. त्यामुळे ऐंशीच्या दशकात मोठे कारखाने या तारेकडे वळले. १९८७ ची म्युझिक मॅन कंपनीची पाच तारांची स्टिंगरे ही त्यांतील विशेष गाजलेली.

ती स्वस्त झाली याचे श्रेय मात्र पूर्वेकडे जाते. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला करीत. त्यावरून १९७७ साली इबानेझच्या अमेरिकेतील विक्रेत्यांवर दावाही गुदरला गेला. लौकरच खुद्द फेंडरने जपानात गिटारी करवून घेण्यास आरंभ केला आणि १९८२ पासून 'स्क्वायर' या नावाने त्या विकल्या. जपानातील मजुरी वाढली तसे काम कोरियात, पुढे इंडोनेशिया आणि चीनमध्ये गेले. लाकूड कापण्याचे काम संगणकावर चालणारी यंत्रे करू लागली. पूर्वी कसबी हाताला जे साधे ते आता हजारो दांड्यांवर एकसारखे साधते. म्हणून आजच्या स्वस्त गिटारीच्या वरच्या चार तारा खरोखर चांगल्या वाजतात. खोट दडते पाचवीत.

याचे कारण निसर्गनियमात आहे. तार जितकी लांब, जाड आणि सैल, तितका स्वर खाली. पांढरी सातची सुमारे ३१ कंपने साधावयाची, तर ३४ इंच लांबीवर तार तीन मिलिमीटरहून जाड करावी लागते. जाड तार ताठ होते, आणि ताठ तारेचे वरचे उपस्वर आपल्या जागेवरून चढतात. मग स्वराऐवजी नुसता घुमारा उरतो. लांबी ३५ इंच केली तर ताण सुमारे सहा टक्के वाढतो व स्वर निवळतो. पण हाताला ताण अधिक पडतो. स्वस्त वाद्यात मेरूची खाच ओबडधोबड, घोडी हलकी, सोबत आलेली तार सामान्य. दांडीवर एका जादा तारेचा ओढा पडतो तो निराळाच. ऋतू पालटला की ती वाकते आणि पडद्यांवर तार खरखरते. गोव्या-कोकणातल्या पावसाळ्यात हा अनुभव फार दूर नसतो.

आणखी एक खर्च दुकानात कोणी सांगत नाही. घरगुती ध्वनिवर्धकाच्या आठ-दहा इंची कर्ण्यातून ३१ कंपने बहुधा निघतच नाहीत. तरी आपल्याला तो स्वर ऐकू येतो, कारण ६२ आणि ९३ कंपनांचे उपस्वर ऐकून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गांधार वर उमटतो. येथे न निघालेला खर्ज खाली उमटतो. मात्र हे उपस्वर स्वच्छ असले तरच, आणि स्वस्त तारेत तेच मलिन असतात.

इतके दोष सांगितल्यावरही मी या वाद्याच्या विरुद्ध मत देणार नाही. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील सुगम संगीताच्या कार्यक्रमांत गायक आयत्या वेळी म्हणतो, 'आज अर्धा सूर उतरवा.' पांढरी तीनचे गाणे काळी दोनवर आले की चार तारांच्या वादकाच्या पायाखालची पायरीच नाहीशी होते. मूळ षड्ज त्याला एक सप्तक वर घ्यावा लागतो आणि गाणे हलके पडते. पाचवी तार असली तर चौथ्या पडद्यावर तो स्वर वाट पाहत असतो. शिवाय पाचव्या पडद्याशी हात ठेवून दोन सप्तके जागा न सोडता वाजविता येतात. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गेलेल्या पिढीने नोटेशन समोर ठेवून वाजविण्याची जी शिस्त घालून दिली, तीत वाढलेल्या मुलाला ही सोय फार मोलाची आहे. अगदी नवशिक्याने मात्र चार तारांवरच हात बसवावा. न छेडलेली पाचवी तार सारखी गुणगुणत असते आणि तिला अंगठ्याने दाबून ठेवण्याची सवय लागेपर्यंत ती छळते.

दुकानात गेल्यावर एक गोष्ट अवश्य करावी. पाचवी तार पाचव्या पडद्यावर दाबून छेडावी आणि लगेच शेजारची चौथी तार मोकळी छेडावी. दोन्ही ठिकाणी स्वर एकच, पांढरी तीन. त्यांचा पोत थोडा निराळा असणारच; पण एकीकडे गाणे आणि दुसरीकडे गुरगुर असे ऐकू आले, तर प्रथम चांगली तार चढवून पाहू द्या असे दुकानदारास सांगावे, आणि त्यानेही फरक पडला नाही तर दुसरी गिटार मागावी.