लग्नातली एक्सप्रेसो, मिलानची वाफ आणि आमचं बोअरचं पाणी

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना हा भाग आधीच मिळालाय. बसमध्ये, वर्गात किंवा पाहुण्यांत बसून गुपचूप वाचणाऱ्यांसाठी हा लेखी अवतार. बोलताना पंचवीस वेळा आलेलं ‘म्हणजे बघा’ तेवढं काढलंय.

जालन्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, एक्सप्रेसो पहिल्यांदा कुठं प्यायलास? लग्नात! मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात एक चकचकीत टाकी, तिला एक नळी, आणि पुढं पोरांची रांग. दूध, साखर, इन्स्टंट कॉफी स्टीलच्या जगमध्ये टाकायची, नळी आत बुडवायची, की असा आवाज व्हायचा की शेजारी मंगलाष्टकं चालू असली तरी ऐकू येऊ नयेत. वर फेस, फेसावर चॉकलेट पावडरची चिमूट. नाव ‘एक्सप्रेसो’. मधे ‘क्स’ पाहिजेच, देवगिरी एक्सप्रेससारखा.

पुढं पुण्यात नोकरीला गेल्यावर कॅफेत मी रुबाबात एस्प्रेसो मागवली. समोर आली बोटभर काळी कडू कॉफी. दूध नाही, फेस नाही, आणि बिल लग्नाच्या आहेरासारखं. मला वाटलं, फसवलं. आज कळतंय की फसवलं कुणीच नव्हतं. दोन्ही कॉफ्या एकाच मशीनच्या पोटातून निघाल्यात, फक्त एकीनं त्यातली वाफ घेतली आणि दुसरीनं दाब. आजचा भाग या वाफेचा आणि दाबाचा. आणि माझ्या बावीस हजारांचाही, त्याचं पुढं सांगतो.

आधी जरा मागं जाऊ. जालन्यापासून साठेक किलोमीटरवरची खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, १६१० मध्ये वसवली मलिक अंबरनं. तो हबशी, आजच्या इथिओपियातला. कॉफीचं झाडही मूळचं तिथलंच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला आणि मुघलांना त्यानं दख्खनमध्ये वर्षानुवर्षं दमवलं. १६१७ मध्ये पीटर व्हॅन डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी सुरतेकडून मछलीपट्टणला जमिनीवरून निघाला होता. वाटेत तो मलिक अंबरला भेटला आणि त्यानं लिहून ठेवलं की हा माणूस मोखा बंदरात विकला गेला होता. मोखा! येमेनचं तेच बंदर, जिथून जगाला कॉफी जायची. कॅफेच्या मेनूवरचं ‘मोका’ हे त्याच बंदराचं नाव. आणि हा ब्रुक स्वतः कोण? कॉफी चाखणाऱ्या पहिल्या काही डच लोकांपैकी एक. पुढं फ्रान्स हाल्ससारख्या मोठ्या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. तर मोख्याच्या वाटेनं आलेली ही दोन माणसं आपल्या मराठवाड्याच्या मातीत समोरासमोर बसली होती. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

मलिक अंबरची अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे: पाणी. खडकीसाठी त्यानं जमिनीखालून नहर आणली. जालन्यात त्याच्याच काळात जमशेद खाननं मोती तलाव बांधला, असं गॅझेटियर सांगतं. या भागात शहर वसवायचं तर आधी पाण्याचं बघावं लागतं, हे तेव्हापासून ठरलेलं आहे.

त्याच शतकात बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा तुम्ही ऐकलीच असेल. ते राहू दे. आपण सरळ इटलीत जाऊ.

१८८४ मध्ये तुरिन शहरात अँजेलो मोरिओंदोनं वाफेवर कॉफी काढणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. पण ते एका दमात ढिगानं कॉफी करायचं, आपल्या पंगतीसारखं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं खरी गंमत केली. दांड्याची छोटी गाळणी, तिच्यात एका कपापुरती पूड, आणि बॉयलरची वाफ मागून पाणी ढकलतेय. गिऱ्हाईक समोर उभं, कॉफी त्याच्या नावाची, आणि मिनिटभरात हातात. १९०३ मध्ये देसिदेरियो पावोनीनं ते पेटंट विकत घेतलं आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात दोघांचं मशीन लोकांपुढं आलं. ‘एस्प्रेसो’ या शब्दात दाबून काढलेलं, झटपट, आणि खास तुमच्यासाठी केलेलं असे तिन्ही अर्थ एकात एक मिसळलेत.

आणि हा काळ कोणता? आगगाडीचा. मनमाड-हैदराबाद मीटरगेज आपल्याकडून गेली ती याच १९०० च्या आसपास. इकडं जालन्याच्या लोकांनी वाफेचं इंजिन पहिल्यांदा पाहिलं, तिकडं मिलानमध्ये त्याच वाफेवर कॉफी निघत होती. १९२२ च्या एका प्रसिद्ध इटालियन पोस्टरवर तर धावत्या गाडीतून वाकलेला माणूस मशीनमधून कॉफी घेताना दाखवलाय. त्यामुळं आपण एक्सप्रेसो म्हणतो ते फारसं चुकीचं नाही. कुणी हसलं तर हे पोस्टर दाखवा.

पण या वाफेच्या मशीनमध्ये एक खोट होती. वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दीड-दोन पट. तो वाढवायचा तर पाणी आणखी तापवावं लागतं, आणि उकळत्या पाण्यानं कॉफी करपते. ही अडचण सोडवली मिलानच्याच अकिले गाज्जानं. त्याचं पहिलं पेटंट १९३८ चं, पण मधे महायुद्ध आलं. युद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, त्यानं लिव्हरवालं मशीन आणलं. दांडा खाली ओढायचा, आतली स्प्रिंग दबते, सोडली की ती पिस्टनला रेटते आणि पाणी आठ-नऊ बार दाबानं पुडीतून जातं. वाफेची गरजच नाही. कपावर पहिल्यांदाच सोनेरी-तपकिरी साय आली. लोकांना वाटलं, ही काय घाण तरंगतेय? गाज्जानं हुशारी केली, तिला ‘क्रेमा’ म्हणजे कॉफीची साय म्हटलं, आणि मशीन वाफेविना चालतं हीच जाहिरात केली. त्यानंतर १९६१ मध्ये फाएमा कंपनीनं E नव्हे, ‘ई-६१’ आणलं. त्यात हाताच्या जोराऐवजी विजेचा पंप आला. त्या वर्षी युरोपात खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, त्यावरून ते नाव. आजचं आपल्या ओट्यावरचं मशीन हे त्या पंपवाल्याचं धाकटं भावंड.

आता लग्नाच्या टाकीकडं परत बघा. तिच्यात बेझेराच्या काळातली वाफ आहे, पण गाळणी नाही, दाब नाही. आपल्या लोकांनी मशीनचा निम्मा भाग उचलला आणि त्याला दूध लावलं. कॅफेतली मंडळी तिला नकली म्हणतात. मला ते पटत नाही. थंडीच्या लग्नात रात्री अकरा वाजता दोनशे लोकांना गरम काहीतरी पाजायचं असेल तर गाज्जा काय कामाचा?

तर मशीन. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीला बोनस आला आणि मी बावीस हजारांचं मशीन घेऊन जालन्याला आलो. पप्पा आयुष्यभर घरी जायफळ घातलेली दुधाची कॉफी पिणारे. खोक्याकडं बघून म्हणाले, “एवढ्या पैशात म्हैस नसती आली, पण वगार तर आली असती.” तरी आठवड्याभरात रोज सकाळी साडेसहाला ते स्वतःच बटण दाबायला लागले. मला न सांगता. आईनं फोनवर सांगितलं.

पाच महिन्यांनी मशीन कण्हायला लागलं. पंप घुर्रर्र करायचा आणि कपात थेंब थेंब. मेकॅनिकनं उघडून दाखवलं तर आतल्या नळीत पांढरा दगड बसलेला. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, बाकी सगळा कारभार बोअरवर. काळ्या खडकातून मुरलेलं ते पाणी क्षारांनी भरलेलं. गिझरच्या कॉइलवर, पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच इथं बसला. फरक एवढाच की गिझरची टाकी मोठी आणि माझ्या मशीनची पाण्याची वाट काडीएवढी. चूक माझीच. पुस्तिकेत लिहिलेलं होतं, मी फक्त लाट्टे कसा करायचा ते पान वाचलं होतं. पप्पा काही बोलले नाहीत. परत इन्स्टंट पिऊ लागले. ते मला जास्त लागलं.

म्हणून तुम्ही कुणी मराठवाड्यात बसून मशीन बघत असाल, तर आधी पाणी बघा. टीडीएस मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं. कॉफीसाठी दीडशेच्या आसपासचं पाणी चांगलं मानतात. सगळं आरओचंच घातलं तर चव सपक लागते, म्हणून आरओमध्ये थोडं पिण्याचं साधं पाणी मिसळून आकडा जमवायचा. आणि दोन-तीन महिन्यांनी डीस्केलिंग. बाजारात त्याची पावडर मिळते, नाहीतर सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, चालतं. पण आपल्या मशीनला चालतं का, हे त्या पुस्तिकेत बघून. आता तरी बघा.

खोक्यावर ‘१५ बार’, ‘२० बार’ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. तो पंपाचा कमाल जोर असतो. पुडीवर लागतो तो नऊच्या आसपास, गाज्जाच्या वेळेपासून. वीस बार म्हणजे दुप्पट चांगली कॉफी असं काही नसतं. खरा पैसा ग्राइंडरवर घाला. मशीन मध्यम असलं आणि दळण बरोबर असलं तर कॉफी छान होते, उलटं होत नाही. दळण जाड तर पाणी सुर्रकन निघून जातं आणि कॉफी आंबट पाणचट. फार बारीक तर अडकतं आणि कडू जहर. अंदाज असा: अठरा ग्रॅम पूड, छत्तीस ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंद. फोनचं स्टॉपवॉच लावा. पहिले आठ-दहा कप बिघडणारच. ग्राइंडरचं बजेट नसेल तर दाबाची दुहेरी तळाची जाळी असलेलं मशीन घ्या. ती विकतच्या पुडीला सांभाळून घेते. क्रेमा थोडी खोटी दिसते, पण दूध घालून पिणार असाल तर कुणाला कळतंय? फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पूड मात्र यात नको. तिचं काम स्टीलच्या फिल्टरमध्ये निवांत गळायचं आहे.

आणि लाइट जाण्याचं काय? व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. खरं तर मी आज नव्यानं घेतलं असतं तर हाताच्या लिव्हरचं घेतलं असतं. वीज नाही, पंप नाही, आत दगड बसायला नळी नाही. गॅसवर पाणी तापवा, ओता, दांडा दाबा. गाज्जाचंच तत्त्व, फक्त स्प्रिंगच्या जागी आपला दंड. बजेट आणखी कमी असेल तर १९३३ चा अल्फोन्सो बियालेत्तीचा मोका पॉट आहेच. त्यात खरी एस्प्रेसो होत नाही, दाब दीड बारच्या आसपास, पण दुधात घालायला कडक कॉफी झकास होते.

बिया कुठल्या घ्यायच्या? भारतीय. भारताच्या कॉफीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आहे इटली. आपली रोबस्टा तिकडं एस्प्रेसोच्या मिश्रणात जाते, कारण तिच्यानं क्रेमा दाट येते. पावसाळी वाऱ्यात फुगवलेली मॉन्सून मलबारही तशीच जाते. तेव्हा इटालियन पाकिटासाठी जास्त पैसे मोजताना आतली बी कर्नाटकातून तिकडं फिरून आलेली असू शकते. त्यापेक्षा पाकिटावर भाजल्याची तारीख बघा आणि महिनाभरात संपेल एवढंच मागवा.

माझ्या मशीनची दुरुस्ती झाली. जवळजवळ वगारीच्या एका पायाएवढा खर्च आला. आता टाकीशेजारी आरओच्या पाण्याची बाटली असते, तिच्यावर आईनं स्केचपेननं ‘कॉफीचं’ असं लिहिलंय, म्हणजे कुणी वरणात ओतू नये.

मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा पप्पांनी मला हाक मारली. वाफेच्या नळीखाली जग धरलेला, दूध फेसावलेलं, एस्प्रेसो आत. मग किसणी घेतली आणि वरून जायफळ किसलं. चॉकलेट पावडरच्या जागी. मी प्यायलो. लग्नातल्यापेक्षा कडक, कॅफेतल्यापेक्षा गोड. जायफळ जरा जास्त पडलं होतं, पण ते मी बोललो नाही.