कल्पना आणि वर्गणी

बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाईच्या दासोपंतांनीं सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधींत सुमारें ४० फूट लांब पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलें. त्यास वस्त्र, शाई व स्वतःचे श्रम पुरले. छापखाना आल्यावर मात्र कागद व मजुरी यांचा पैसा पहिली प्रत खपण्यापूर्वींच मोजावा लागूं लागला. अपरिचित कल्पनेवर तो कोणीं लावावा?

मराठींत याचें एक उत्तर मासिकांच्या वर्गणीदारांनीं दिलें. १८८६ सालीं कोचीनहून निघालेल्या ‘केरळकोकिळा’चे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनीं ज्यूल व्हर्नच्या १८६५ मधील कादंबरीचें भाषांतर ‘चंद्रलोकाची सफर’ या नांवानें त्यांत क्रमशः छापलें. आगाऊ वर्गणी भरणारा वाचक पुढील अंक न पाहतांच या चंद्रप्रवासाचा भागीदार झाला.

आज विज्ञानकथा व अद्भुतकथा लिहिणारे कांहीं लेखक वाचकांपाशीं आगाऊ पैसे मागतात. त्यांस आम्ही याचक म्हणणार नाहीं. परंतु मासिक रेंगाळलें तर वर्गणीदार पुढील सालीं हात आखडता घेई. येथें ग्रंथ हातीं येण्यापूर्वींच सारा पैसा दिलेला असतो. म्हणून हें ऋण अधिक जड आहे, आणि तें ग्रंथ पुरा करूनच फिटतें.