कोणती पळी?

आमच्या चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटरवर पाटणादेवी. नवरात्रात जत्रा, पावसाळ्यात धबधब्याखाली भिजणारी पोरं. पण तिथल्या पाटण गावात सापडलेल्या शिलालेखाचं नाव सहसा निघत नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो अभ्यासकांपुढे आणला.

लेख इ.स. १२०७ चा, म्हणजे शके ११२८. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. सोईदेव निकुंभाने मठाला दान दिलं, त्याची ही नोंद.

पोटासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मला यात एक गंमत दिसली. देवाचं नमन, वंशावळ, राजांची स्तुती, हे सगळं संस्कृतात. शेवटी मठाला कुणी काय द्यायचं ते आलं, की भाषा एकदम मराठी! आम्हीही प्रोग्रॅममध्ये वर ऐसपैस कॉमेंट लिहितो. ती संगणक वाचतसुद्धा नाही. खरं काम खालच्या रुक्ष ओळी करतात.

त्या मराठी ओळींत एक नियम आहे: चालू असलेल्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल. अहो, हा तर चक्क फॉर लूप! घाणे दहा असोत की शंभर, वाक्य एकच. बंद घाण्याला सूट, म्हणजे इफसुद्धा आलं.

पण हेच पायथनला सांगून पाहा. तो लगेच अडेल. पळी कोणती? आमटीची की संध्येची? काठोकाठ की जरा कमी? तेल रोज की महिन्याला? पाटणच्या तेल्याला हे प्रश्न पडले नसतील. पळी त्याच्या घरात टांगलेली होती.

मला वाटायचं, माणसाची भाषा ढिली, संगणकाची काटेकोर. तसं नाही. माणसाची भाषा अर्धी गावात ठेवलेली असते. गाव उठलं की वाक्य दगडावर शाबूत राहतं, पण चालत नाही. आठशे वर्षांनी आता मीच तो संगणक झालोय. मीही विचारतो, कोणती पळी?

आमच्या घरात आजीच्या पिढीपर्यंत ‘आहे’ला ‘शे’ म्हणत. मी पुण्यात आल्यावर अहिराणी गिळली. आजी भरताचं मीठ ‘अंदाजानं’ सांगायची. तो अंदाज कुणी लिहून घेतला नाही.

तेव्हा मावश्यांनो, काकांनो, या दिवाळीला मी वही घेऊन येतोय. कंटाळा करू नका. मी खूप प्रश्न विचारणार आहे.