घरोघरच्या टांकसाळी

नाणें पाडणें हा राजसत्तेचा अधिकार, ही समजूत फार जुनी आहे. पेशवाईंत खासगी व्यक्तींनाहि टांकसाळ चालविण्याचा परवाना मिळे हें खरें. पण परवाना हवाच असे, सरकारास हिस्सा पोंचवावा लागे, आणि नाणें हिणकस निघालें तर जाब द्यावा लागे. इ. स. २००९ च्या जानेवारींत मात्र अशी एक टांकसाळ उघडली कीं, तिला परवाना नको, भट्टी नको, सोनें-चांदी तर नकोच नको. घरांतला संगणक आणि विजेची जोडणी एवढ्या सामग्रीवर कोणाहि गृहस्थानें आपल्या खोलींत बसून नाणें पाडावें, अशी तिची योजना होती. ही टांकसाळ घरोघर कशी पसरली आणि चौदा वर्षांच्या आंत घराघरांतून कशी उठून गेली, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. कारण जी यंत्रणा सर्वांना सारखा वांटा मिळावा म्हणून रचलेली होती, तिनेंच लहान माणसाला दाराबाहेर काढलें.

या नाण्याचें नांव बिटकॉइन. ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं सातोशी नाकामोतो या नांवानें नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हें नांव धारण करणारा गृहस्थ कोण, एक कीं अनेक, याचा निर्विवाद उलगडा आजतागायत झालेला नाहीं. निबंधाचा काळहि ध्यानांत घेण्यासारखा आहे. अमेरिकेंत लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी बुडून दीड महिना झाला होता, आणि ठिकठिकाणचीं सरकारें बुडत्या बँकांना जनतेच्या पैशानें तारीत होतीं. ३ जानेवारी २००९ रोजीं नाकामोतोनें आपल्या नाण्याच्या हिशेबवहीचें पहिलें पान लिहिलें, तेव्हां लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत त्या दिवशीं आलेला, बँकांना दुसऱ्यांदा मदत देण्यासंबंधींचा मथळा त्यानें त्या पानावर कायमचा कोरून ठेवला.

या नाण्याला मध्यवर्ती पेढी नाहीं. कोणी कोणास किती नाणीं दिलीं याची एक सार्वजनिक रोजकीर्द असते आणि तिची नक्कल हजारों संगणकांवर ठेवलेली असते. प्रश्न एवढाच उरतो कीं, रोजकीर्दीचें पुढचें पान लिहावयाचें कोणीं? नाकामोतोनें त्यावर सोडतीसारखी तोड काढली. नव्या पानावरील मजकुराला एक अंक जोडावयाचा आणि तें सर्व गणिताच्या एका चरकांतून पिळून काढावयाचें. या चरकाला एसएचए-२५६ असें नांव आहे. चरकांतून बाहेर पडणारी संख्या ठराविक मर्यादेहून लहान निघाली तर पान मान्य. नाहीं तर दुसरा अंक जोडून पुन्हां प्रयत्न. योग्य अंक बुद्धीच्या बळावर शोधतां येत नाहीं. चरक फिरवीत राहणें एवढाच मार्ग. ज्याचा अंक लागेल त्याला पान लिहिण्याचा मान आणि बक्षीस म्हणून नवीं नाणीं. आरंभीं हें बक्षीस ५० नाण्यांचें होतें. दर २,१०,००० पानांनंतर तें निम्में व्हावें, आणि एकूण नाणीं २ कोटी १० लाखांपलीकडे जाऊं नयेत, असा नियम होता. कष्टानें दुर्मिळ वस्तु बाहेर काढावयाची या साम्यावरून या उद्योगाला खाणकाम हें नांव पडलें.

आणखी एक नियम होता, आणि पुढची सारी कथा त्याच्याच पोटांत दडलेली आहे. सरासरीनें दर दहा मिनिटांस एक पान लिहिलें जावें, अशी योजना. दर २,०१६ पानांनीं, म्हणजे सुमारें पंधरवड्यानें, यंत्रणा आपला आपण हिशेब घेते. पानें लवकर लिहिलीं जात असतील तर कोडें अवघड होतें, उशीर लागत असेल तर सोपें होतें. त्यामुळें खाणकरी दुप्पट झाले म्हणून नाणीं दुप्पट निघत नाहींत. प्रत्येकाचा वांटा मात्र निम्मा होतो. शेजाऱ्यानें नवें यंत्र आणलें कीं आपलें यंत्र तेवढ्यानेंच जुनें झालें, असा हा कारभार आहे.

एक प्रोसेसर म्हणजे एक मत, असें तत्त्व त्या निबंधांत सांगितलेलें होतें, आणि पहिल्या वर्षीं तें खरें ठरलें. कॅलिफोर्नियांतील हॅल फिनी या प्रोग्रामरला १२ जानेवारी २००९ रोजीं नाकामोतोकडून दहा नाणीं मिळालीं. या नाण्याची ती पहिलीच देवघेव होय. फिनीनें स्वतःच्या संगणकावर कांहीं दिवस खाणकामहि केलें. पण संगणक तापूं लागला आणि पंख्याच्या आवाजाचा त्याला त्रास होऊं लागला, म्हणून त्यानें तें बंद केलें. वेल्समधील न्यूपोर्ट गांवच्या एका गृहस्थानेंहि त्याच वर्षीं लॅपटॉपवर कांहीं हजार नाणीं काढलीं होतीं. त्यांची किल्ली ज्या तबकडींत होती ती २०१३ सालीं कचऱ्यांत गेली, आणि नगरपालिकेच्या उकिरड्यांत ती शोधूं द्यावी हा त्यांचा दावा न्यायालयानें २०२५ च्या जानेवारींत काढून टाकला. त्या पहिल्या वर्षांत या नाण्यांना मोल असें नव्हतेंच. कोड्याचा अवघडपणा ३० डिसेंबर २००९ पर्यंत एकदांहि वाढला नाहीं, यावरून खाणकऱ्यांची संख्या किती तुटपुंजी होती हें दिसतें.

समतेला पहिला धक्का ग्राफिक्स कार्डानें दिला. हें कार्ड मूळ संगणकावरील खेळांसाठीं बनविलेलें. पडद्यावरच्या लाखों ठिपक्यांचे रंग एकाच क्षणीं ठरवावयाचे असल्यामुळें त्यावर शेंकडों बारीक गणकें बसविलेलीं असतात. प्रोसेसर म्हणजे जणुं चार व्युत्पन्न शास्त्री. कार्ड म्हणजे एका सुरांत पाढे म्हणणारा शेंकडों मुलांचा वर्ग. शास्त्र्यांना कोणतेंहि काम सांगतां येतें, वर्गाला एकच. पण चरक फिरविण्याचें काम पाढ्यांच्याच जातीचें आहे. २००९ सालीं निघालेल्या रेडिऑन एचडी ५८७० या कार्डावर अशीं १,६०० गणकें होतीं आणि तें सेकंदाला सुमारें चाळीस कोटी वेळां चरक फिरवी. त्या वेळच्या चांगल्या प्रोसेसरची मजल एक-दोन कोटींच्या आसपास होती.

हा धोका नाकामोतोच्या लक्षांत आलेला होता. कार्डांची ही चढाओढ सर्वांनीं सभ्यपणानें होतां होईल तों लांबवावी, म्हणजे साध्या संगणकावर नवीन माणसाला सहज सामील होतां येईल, अशी विनंती त्यानें डिसेंबर २००९ मध्येंच केली होती. सभ्यपणाचे करार जेथें बक्षीस असतें तेथें किती टिकतात, हें निराळें सांगावयास नको. फ्लोरिडांतील लॅझलो हन्येच या प्रोग्रामरनें २०१० च्या मे महिन्यांत कार्डावर खाणकाम सुरूं केलें. २२ मे रोजीं दोन पिझ्झांसाठीं १०,००० नाणीं देणारा गृहस्थ तो हाच. त्या पिझ्झांच्या पुढील काळांतील किंमतीवरून लोक त्याला हंसतात. वस्तुतः त्यानें त्या दिवशीं या नाण्यानें कांहीं विकत घेतां येतें हें जगाला दाखविलें. २०१० सालच्या अखेरीपर्यंत कार्डावरील खाणकामाचे प्रोग्राम सर्वांस खुले झाले, आणि येथून घरगुती रिग बांधण्याचें युग सुरूं झालें.

रिग म्हणजे अनेक कार्डें एकत्र जोडलेला सांगाडा. पहिल्या कारागिरांनीं त्यासाठीं दुधाच्या बाटल्या वाहण्याचीं प्लॅस्टिकचीं जाळीदार खोकीं वापरलीं. कारण साधें: पत्र्याच्या बंद पेटींत कार्डांचा जीव गुदमरतो, आणि खोक्याच्या जाळींतून वारा खेळतो. पुढें लांकडी चौकटी आल्या, मग ॲल्युमिनियमच्या. या यंत्राची घडण उलटी असते. साध्या संगणकांत प्रोसेसर महाग आणि कार्ड दुय्यम. येथें सर्वांत स्वस्त प्रोसेसर, जेमतेम स्मृति, आणि पैसा सारा कार्डांवर. मदरबोर्डावर सहा कार्डें शेजारीं शेजारीं बसत नाहींत, म्हणून प्रत्येक कार्ड वर आडव्या दांडीवर टांगावयाचें आणि रायझर नांवाच्या छोट्या पट्टीनें व यूएसबीच्या तारेनें तें खालीं मदरबोर्डाशीं जोडावयाचें. रायझरला वीज कोठून द्यावयाची याविषयीं नवशिके हमखास चुकत. हार्ड डिस्कसाठीं असलेली बारीक जोडणी वापरली तर ती इतका प्रवाह सोसूं शकत नाहीं. ती वितळते, कधीं पेट घेते. जाणते लोक जाड तारेची निराळी जोडणी वापरीत आणि पॉवर सप्लायची सगळी ताकद कधींच खर्च करीत नसत. खरी कसोटी पुढें असे. कार्डाचा व्होल्टेज थोडाथोडा उतरवीत जावयाचा आणि वेग न घटतां यंत्र कोणत्या बिंदूला डळमळूं लागतें तें पाहावयाचें. दहा वॅट वांचविण्यासाठीं रात्री जागविणारे लोक या उद्योगांत होते, आणि त्यांतील पुष्कळांना संगणकाचें खरें शिक्षण येथेंच मिळालें.

खर्चाचा आंकडाहि पाहण्यासारखा आहे. २०१७ च्या सुमारास आरएक्स ५८० जातीच्या सहा कार्डांची रिग लोकप्रिय होती. ती सुमारें ९०० वॅट वीज घेई. दिवसरात्र चालवावयाची म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेसहाशें युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेसहा हजार रुपये. शिवाय ही सगळी वीज शेवटीं उष्णताच होते. थंड मुलखांतील लोकांनीं तिचा हिंवाळ्यांत खोली तापविण्याकडे उपयोग केला. मुंबईसारख्या शहरांत तीच उष्णता बाहेर घालविण्यासाठीं दुसरें यंत्र लावावें लागतें आणि त्याचें बिल निराळें.

इकडे कोडें दर पंधरवड्यास कठीण होत होतें. एकट्या खाणकऱ्याचा अंक लागण्यास महिनेच्या महिने जाऊं लागले, तेव्हां चेक प्रजासत्ताकांतील एका प्रोग्रामरनें २०१० च्या डिसेंबरांत पहिली भागीदारी चालू केली: सर्वांनीं मिळून चरक फिरवावयाचे आणि बक्षीस श्रमाप्रमाणें वांटून घ्यावयाचें. लहानांना त्यामुळें श्वास घ्यावयास अवधि मिळाला. पण जानेवारी २०१३ मध्यें चीनमधून 'ॲव्हलॉन' यंत्रें आलीं. यांतील चिप बिटकॉइनच्या चरकावांचून दुसरें कांहींहि करीत नसे. एका यंत्राची गति दीडशें कार्डांच्या बरोबरीची आणि विजेचा खर्च एका घरगुती रिगइतका. हातमागाशेजारीं गिरणीचा भोंगा वाजावा तसा हा प्रकार झाला. घरगुती खाणकऱ्यांनीं मग असलीं यंत्रें आगाऊ पैसे भरून मागविलीं. अमेरिकेंतील एका कंपनीनें ती इतकीं उशिरां दिलीं कीं हातीं येईपर्यंत तीं निकामी ठरलीं, असा आरोप ठेवून तेथील व्यापार आयोगानें सप्टेंबर २०१४ मध्यें तिला न्यायालयांत खेंचलें.

बिटकॉइन घरांतून गेलें, पण रिग गेली नाहीं. तिला इथेरियमनें दुसरा जन्म दिला. ३० जुलै २०१५ रोजीं सुरूं झालेल्या या नाण्याचा चरक मुद्दाम असा रचला होता कीं, त्याला गतीपेक्षां स्मृति अधिक लागावी. खास चिपांना सहजासहजीं वाव मिळूं नये आणि कार्डवाल्या घरगुती माणसाचा निभाव लागावा. हेतु चांगला होता आणि बराच काळ साधलाहि. परंतु त्याचे भोग भलत्यांनाच भोगावे लागले. २०१७ आणि पुन्हां २०२१ सालीं नाण्यांचे भाव चढले, तेव्हां दुकानांतून कार्डें नाहींशीं झालीं. खेळासाठीं किंवा चित्रपटाच्या कामासाठीं एक कार्ड घेऊं पाहणाऱ्याला छापील किंमतीच्या दुप्पट मोजूनहि तें मिळेना. एन्व्हिडिया कंपनीनें फेब्रुवारी २०२१ मध्यें आरटीएक्स ३०६० या कार्डाला इथेरियमच्या खाणकामापुरता लगाम घातला, आणि पुढच्याच महिन्यांत तिच्याच एका ड्रायव्हरनें चुकून तो सोडला.

स्वस्त विजेच्या गांवांना निराळा ताप झाला. वॉशिंग्टन राज्यांतील चेलान जिल्ह्यांत कोलंबिया नदीची वीज फार स्वस्त. तेथें निवासी वस्तींतील तारांवर परवानगीवांचून असा भार पडूं लागला, आणि मार्च २०१८ मध्यें वीजमंडळानें खाणकामाच्या नव्या जोडण्या थांबविल्या. न्यूयॉर्क राज्यांतील प्लॅट्सबर्ग गांवानें त्याच महिन्यांत नव्या खाणींवर अठरा महिन्यांची बंदी घातली. थंडींत नागरिकांचीं बिलें भडकलीं होतीं. कोसोव्होनें जानेवारी २०२२ मध्यें खाणकामच बंद केलें आणि शेंकडों यंत्रें जप्त केलीं. बिल न भरणारा शेजारी नाणीं पाडतो आणि बाकीचे अंधारांत बसतात, हें कोणत्याहि गांवाला पटण्यासारखें नव्हतें.

भारतांत हा उद्योग कधींच फारसा मूळ धरूं शकला नाहीं. वीज महाग, कार्डावर जकात, हवा उष्ण. ६ एप्रिल २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेनें बँकांना अशा नाण्यांच्या व्यवहाराशीं संबंध तोडावयास सांगितलें. ४ मार्च २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो आदेश रद्द ठरविला. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर लागूं झाला, आणि खाणकामाच्या यंत्रसामग्रीवरील खर्च त्यांतून वजा मिळणार नाहीं, असा खुलासा सरकारनें संसदेंत केला. घरांत हौसेनें रिग बांधणाऱ्याला याहून स्पष्ट निरोप दुसरा असूं शकत नाहीं.

शेवट १५ सप्टेंबर २०२२ रोजीं आला. इथेरियमनें त्या दिवशीं खाणकामाची पद्धतिच टाकून दिली. यापुढें पान लिहिण्याचा मान नाणीं तारण ठेवणाऱ्यांना मिळूं लागला, आणि त्या यंत्रणेचा विजेचा खर्च नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटला. विजेच्या दृष्टीनें हा निर्णय योग्यच होता. पण ज्यानें कर्ज काढून आदल्या वर्षीं चढ्या भावानें कार्डें घेतलीं होतीं, त्याच्या रिगला एका दिवसांत काम उरलें नाहीं. सर्वांनीं आपापलीं यंत्रें उरल्यासुरल्या लहान नाण्यांकडे वळविलीं. तेथील कोडीं तात्काळ अवघड झालीं आणि मिळकत विजेच्या बिलाखालीं गेली. जुन्या बाजारांत कार्डांचे ढीग पडले. ज्या विद्यार्थ्यांना वर्षभर कार्ड मिळत नव्हतें, त्यांना तें अखेर निम्म्या दरानें मिळूं लागलें, जरी त्याचे पंखे झिजलेले असत.

बिटकॉइनचें बक्षीस एप्रिल २०२४ मध्यें ३.१२५ नाण्यांवर आलें. कांहीं हौशी लोक आतां मुठीएवढें एक यंत्र टेबलावर ठेवतात. तें पंधरा-वीस वॅट घेतें आणि सेकंदाला सुमारें एक लाख कोटी वेळां चरक फिरवितें. २०२४ च्या मध्यास सर्व जगाची खाणशक्ति त्याच्या सुमारें साठ कोटी पट होती. रोज १४४ पानें लिहिलीं जातात असें धरलें, तर अशा एका यंत्राचा अंक लागण्यास सरासरीनें अकरा हजारांहून अधिक वर्षें लागतील. तरीहि हीं यंत्रें विकलीं जातात. तीं फारशीं तापत नाहींत आणि त्यांच्या पंख्याचा आवाज शेजारच्या खोलींत जात नाहीं.