कमलाबाईंचा बटाटा आणि आपला घेवडा



परवा आमच्या गटाच्या बैठकीत वाघ्या घेवड्यावरून वाद झाला. एकीचं म्हणणं, रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यायचं. दुसरी म्हणाली, पाण्याबरोबर सत्त्वही जातं. मी बी.ए., मला सायन्सचं काय विचारता? पण वाईत राहायचा एक फायदा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश इथलाच. त्यात प्रथिनांविषयी वाचलं, आणि पुढे शोधता शोधता कमलाबाई सोहोनी भेटल्या.

दुर्गाबाई भागवत आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना आठवतात. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष. कमलाबाई त्यांची धाकटी बहीण.

१९३३ साली मुंबईची बी.एस्सी. होऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. पण संचालक सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेला माणूस, त्यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! (लक्ष मुलांचं, अट मात्र तिला.) वर्षभराचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि तिथे मुलींना दार उघडलं. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून त्या एम.एस्सी. झाल्या आणि केंब्रिजला गेल्या.

तिथे त्यांच्या हातात होता बटाटा. टोपलीतला बटाटाही श्वास घेतो. त्याच्या पेशीत अन्न जळून शक्ती तयार होते, आणि त्या कामात सायटोक्रोम सी नावाचं, पोटात लोह धरून ठेवणारं प्रथिन लागतं. प्राण्यांमध्ये ते माहीत होतं. वनस्पतीतही आहे, हे कमलाबाईंनी दाखवलं. प्रबंध अवघा ४० पानांचा. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

परत येऊन पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्याच स्वयंपाकघरातले जिन्नस तपासायला घेतले. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. कडधान्य-भाज्यांत पचनाला अडवणारे पदार्थ असतात, त्यावरही त्यांच्या प्रयोगशाळेत काम झालं. आमच्या वादाचं उत्तर इथेच आहे.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मण्यांचे प्रकार २०, त्यांना ॲमिनो आम्लं म्हणतात. ही माळ लोंबत नाही, ठरावीक घडीत दुमडलेली असते, आणि जशी घडी तसं तिचं काम. आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन असतं, तेही प्रथिनच. कच्च्या कडधान्यातलं एक प्रथिन नेमकं त्याच्या खाचेत जाऊन बसतं, कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं. मग पचन अडतं. अर्धकच्चा घेवडा खाऊन उलट्या-जुलाब होतात, तेही त्यातल्या अशाच दुसऱ्या एका प्रथिनामुळे.

भिजवल्यानं यातलं थोडं पाण्यात उतरतं. खरं काम करते ती उकळी. उष्णतेनं माळेची घडी मोडते, खोडी जाते, मणी मात्र तसेच राहतात आणि अंगी लागतात. म्हणजे पाणी ओतून देणारी बरोबर. सत्त्व जातं म्हणणारीही थोडी बरोबर, थोडे क्षार आणि जीवनसत्त्वं जातातच. पण मंद आचेवर नुसता गरम केलेला घेवडा कुणी वाढू नका. चांगला खळखळून उकळा, दाणा बोटानं चिरडेपर्यंत.