सुट्टीनंतरचा पहिला दिवस

आमचे अण्णा, म्हणजे माझे आजोबा, इचलकरंजीत तीस वर्षं मागावर होते. सुट्टीनंतरची पहिली पाळी करून आले की त्यांची छाती आवळायची. दोन-तीन दिवसांत उतरायचं. घरचे म्हणायचे, "बिडी सोडा." एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. मग अण्णांनी बोलणंच सोडलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ठरावीक दिवशीच येणाऱ्या बगला ठरावीक कारण असतं, एवढं धंद्यानं शिकवलंय. म्हणून या दुखण्याचा इतिहास शोधायला बसलो.

१७०० साली इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. जवसाचे तंतू विंचरणाऱ्यांचा खोकला त्यात आहे. पुढे १९५०च्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरणी कामगारांना साधा प्रश्न विचारला: छाती फक्त सोमवारी आवळते, की इतर दिवशीही? उत्तरांवरून त्यांनी आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. आजाराचं नाव बिसिनोसिस.

कापसाच्या धुळीत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन असतं. त्यानं श्वासनलिका सुजते, तिथं न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जमतात. एक्स-रेवर याची खास खूण उमटत नाही. पाळीच्या आधी आणि नंतर श्वासाची ताकद मोजली तर फरक सापडतो. पिंजणी-कार्डिंगमध्ये धोका जास्त, विणकामात कमी, पण आहेच. बिडीनं तो वाढतो. म्हणजे घरचे अर्धे बरोबर होते.

मुंबईत केईएमच्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. तो अभ्यास १९८१ साली छापून आला. १९४८च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टातही बिसिनोसिस होता: असा रुग्ण दिसला की डॉक्टरनं सरकारला कळवायचं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, जहागीरदार घोरपड्यांच्या पाठिंब्यानं. पुढं घराघरात माग आले. आणि तो कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या, किमान १० कामगारांच्या जागेला लागू होता. अण्णांच्या शेडमध्ये चौघं होते. त्यांचा दम कुठल्याच रजिस्टरात नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांना शिलिंगचा प्रश्न विचारला. अण्णा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

"पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. "तुला कुणी सांगितलं रे?"