टीआरपीचे गणित : वादचर्चा नेमकी पाहतो कोण?

वृत्तवाहिन्यांवर रात्री रंगणाऱ्या राजकीय वादचर्चांचे यशापयश 'टीआरपी' या तीन अक्षरांवर ठरते. जाहिरातींचा दर त्यावर अवलंबून असतो आणि पुढच्या चर्चेचा विषयही बऱ्याचदा त्यावरूनच निवडला जातो. मात्र हा आकडा कसा तयार होतो, याची माहिती सर्वसामान्य प्रेक्षकाला क्वचितच असते.

मोजणी कोण करते?

भारतात १९९८ पासून 'टॅम' ही संस्था प्रेक्षकसंख्येचे मापन करीत असे. तिची पाहणी दीर्घकाळ प्रामुख्याने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांपुरती होती. साहजिकच बुलढाणा जिल्ह्यातील मोताळ्यासारखे तालुक्याचे गाव या हिशेबाबाहेर राहिले. एप्रिल २०१५ पासून 'बार्क' या संस्थेने आपली आकडेवारी देण्यास प्रारंभ केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामीण प्रेक्षकांचा त्यात समावेश झाला. या संस्थेत प्रक्षेपकांचा वाटा ६० टक्के, तर जाहिरातदार व जाहिरात संस्था यांचा प्रत्येकी २० टक्के आहे.

निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचाला एक मापकयंत्र जोडलेले असते. वाहिनीच्या ध्वनीत मिसळलेला, कानाला ऐकू न येणारा संकेत ते ओळखते. घरातील प्रत्येक सदस्यासाठी स्वतंत्र बटण असते. संचासमोर बसताना ते दाबावे लागते. ही घरे कोणती, हे गुप्त ठेवले जाते.

आकड्याचा अर्थ

येथे दोन संज्ञांमधील भेद लक्षात घ्यायला हवा. किमान एक मिनिट कार्यक्रम पाहणाऱ्यांची संख्या म्हणजे 'पोहोच', तर दर मिनिटाला सरासरी किती जण पाहत होते, ती 'सरासरी प्रेक्षकसंख्या'. समजा, साठ मिनिटांची एक चर्चा दहा लाख लोकांनी सरासरी सहा मिनिटे पाहिली. तिची सरासरी प्रेक्षकसंख्या एक लाख होते. दुसरी चर्चा केवळ दोन लाख लोकांनी, पण तीस मिनिटे पाहिली. तिचाही आकडा एक लाखच येतो. पहिलीकडे बहुतेकांनी ओझरते पाहिले, दुसरीकडे प्रेक्षक खिळून बसला. एकच आकडा हे दोन्ही अनुभव समान ठरवतो.

नमुन्याची मर्यादा

केंद्र सरकारने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशातील सुमारे २३ कोटी दूरचित्रवाणीधारक घरांपैकी ५८ हजार घरांतच मापकयंत्रे होती. म्हणजे सरासरी चार हजार घरांमागे एक. शास्त्रशुद्ध निवड केलेला लहान नमुनाही लोकप्रिय मालिकेचा अंदाज बऱ्यापैकी देतो. राजकीय चर्चेचा प्रेक्षक मात्र मुळातच थोडा असतो. चार हजार व्यक्तींच्या नमुन्यात एखादी चर्चा चारच जण पाहत असतील, तर आणखी चौघांच्या एका कुटुंबाने संच सुरू ठेवताच तिचा आकडा दुप्पट होईल. गैरप्रकाराला वाव मिळतो तो याच ठिकाणी.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी गैरव्यवहाराचा आरोप जाहीर केल्यावर बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबविले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा चार आठवड्यांची सरासरी देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. संबंधित खटला मागे घेण्यास मुंबईतील न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये परवानगी दिली.

मोताळ्याचा प्रश्न

मराठी वाहिन्यांसाठी महाराष्ट्र व गोवा ही एकत्र बाजारपेठ धरली जाते. त्यामुळे एकट्या मोताळा तालुक्याचा टीआरपी असा काही नसतो. येथील प्रेक्षक विस्तृत ग्रामीण गटात मिसळून जातो. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यातील नळगंगा धरण याच तालुक्यात आहे. कपाशी व सोयाबीन पिकविणाऱ्या येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने पाण्याचा प्रश्न जिव्हाळ्याचा. या विषयावरची चर्चा तालुक्यातील घराघरांत पाहिली गेली, तरी राज्याच्या एकत्रित आकड्यात तिची नोंद नगण्यच राहील. शिवाय भ्रमणध्वनीवर पाहिलेली चर्चा या मापकयंत्रांत मुळीच नोंदली जात नाही.

टीआरपी म्हणजे मतदानाचा कौल नव्हे. चर्चा पाहणाऱ्याला ती पटली की तो संतापला, हे यंत्राला कळत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघाचा निकाल अवघ्या ८४१ मतांनी लागला. मतपेटीत मोताळ्यातील प्रत्येक मत मोजले जाते. टीआरपीत मात्र हजारो घरांच्या वतीने एकच घर बोलते. कोणत्याही वाहिनीने 'क्रमांक एक'चा दावा केल्यास तो कोणत्या प्रदेशातील, कोणत्या वयोगटातील, कोणत्या वेळेतील आणि किती आठवड्यांचा, एवढे चार प्रश्न वाचकाने विचारावेत. त्यांच्या उत्तरांतूनच आकड्याचे खरे मोल कळते.